जहाजाचं गाऱ्हाणं

भागोजीचं तोंड म्हणजे अख्ख्या गावाचं तोंड, असं त्यांच्याकडे म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. खेड सोडून जगबुडीच्या कडेकडेनं आत गेलं की डोंगराच्या पोटात त्यांचं गाव. तिथे कुणाची म्हैस अडली, कुणाचा पोरगा मुंबईला निघाला, कुणाच्या घरात आजारपण शिरलं, की तो माणूस नारळ घेऊन झोलाईच्या देवळात यायचा. यायचा खरा, पण देवीशी बोलायचं कसं हे सगळ्यांना थोडंच जमतं! ते काम भागोजीचं. तो नारळ हातात धरायचा, डोळे मिटायचा आणि त्या माणसाच्या वतीनं खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घालायचा. "बाये झोलाई, ह्या लेकराच्या वाटेवर काय आडा आला आसल तर तो दूर कर, आनी त्याला सुखानं घरी आन, म्हाराजा!" मागे उभी असलेली माणसं एका सुरात म्हणायची, "व्हय म्हाराजा!" मागायचं भागोजीनं आणि होकार भरायचा बाकीच्यांनी, अशी ती वाटणी होती.

त्याच्या बायकोला, गोदाला, या गोष्टीचं हसू यायचं. देवीशी घटकाभर न अडखळता बोलणारा हा माणूस घरात मीठ हवं असलं तर नुसतं बोट दाखवायचा. "देवळात सगळा बोलून येतंव, घरात काय उरत नाय," असं ती शेजारणींना त्याची नक्कल करून सांगायची. पण देवळाच्या दाराबाहेर बायकांत उभी राहून त्याचा आवाज ऐकताना तिची मान ताठ व्हायची, हेही शेजारणींना ठाऊक होतं.

भाताची मळणी आटोपली आणि एका सकाळी भागोजीच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला, तो पाय ओढत चालू लागला आणि वाचा गेली. खेडच्या दवाखान्यातून तो घरी आला तेव्हा त्याला सगळं कळत होतं, माणसं ओळखू येत होती, फक्त शब्द सापडत नव्हते. तोंड उघडायचा, ओठ हलायचे, कपाळावर घाम यायचा आणि पुन्हा तोंड मिटायचा. गोदा पदरानं त्याचं तोंड पुसायची आणि म्हणायची, "राहू द्या. मना समाजला." तिला काही समजलेलं नसायचं.

मग शिमगा आला. पालखी सहाणेवर, तिच्या दगडी चौथऱ्यावर, बसली आणि भागोजीच्या जागी गंगाराम गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. गंगाराम त्यांचा शेजारी, सरळ माणूस. नारळ हातात घेऊन त्यानं आधी मागे उभ्या माणसांकडे पाहिलं. कसंबसं त्यानं पहिलं मागणं मागितलं, आणि माणसांनी हूं की चूं करायच्या आत पायरीवर बसलेल्या भागोजीच्या तोंडून मोठ्यानं आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

सगळं गाव मागे वळलं. गंगारामानं पुढचं म्हटलं, पुन्हा भागोजी, "व्हय म्हाराजा!" तसाच आवाज, तसाच हेल. गोदा ढसाढसा रडली. देवीनं वाचा परत दिली म्हणून त्या दिवशी तिनं घरोघरी गूळ वाटला.

खेडच्या डॉक्टरांनी मात्र तिच्या गुळात खडा टाकला. "मावशी, जन्मभर पाठ झालेलं असतं ना, ते डोक्यात निराळ्या जागी राहतं. ते आपोआप बाहेर येतं. स्वतःचं काही बोलायला, मागायला शब्द लागतात, ते अजून नाहीत. हळूहळू येतील, कदाचित येणारही नाहीत." एवढ्या सगळ्या बोलण्यातून गोदानं फक्त 'हळूहळू' तेवढं घरी आणलं.

तेव्हापासून भागोजी सगळ्यालाच तेच म्हणू लागला. भाकर वाढू का? व्हय म्हाराजा. पोट दुखतं का? व्हय म्हाराजा. मेव्हणा आला, त्यानं विचारलं, दाजी, मी जाऊ का आता? व्हय म्हाराजा. मेव्हणा रागावून गेला. लोक हसायचे, गोदाही हसायची. नंतर नंतर तिचं हसू आटलं. भाकर वाढली की तो डाव्या हातानं ताट लोटून द्यायचा आणि तोंडानं मात्र होच म्हणायचा. नाही म्हणायची सोयच त्याच्या तोंडात उरली नव्हती.

यातलं काहीच त्यांच्या दीपकला माहीत नव्हतं. दीपक त्यांचा एकुलता एक, तटरक्षक दलात नाविक. नवं जहाज बांधून तयार होत होतं, त्यावर त्याची नेमणूक झाली होती आणि त्या कामासाठी तो गोव्यात अडकून पडला होता. बापाच्या अंगावरून वारं गेल्याचं कळलं असतं तर पोरगा हातातलं टाकून आला असता आणि त्या जहाजावर दुसऱ्या कुणाची वर्णी लागली असती. म्हणून गोदानं फोनवर हात राखूनच सांगितलं. "जरा आजारी व्हते. आता हिंडतात-फिरतात." बाबांना फोन दे म्हटलं की ती म्हणायची, "शेताकडं गेलेत." दीपकला वाटायचं, बाबा कुठले फोनवर बोलायला! लहानपणापासून त्यांनी घरात तोंड कधी उघडलंय?

चैत्रात त्याचा फोन आला तो नाचतच. "आये, जहाज रत्नांगिरीला सेवेत दाखल व्हनार! मोठा सोहळा हाय. तुमाला दोगांना यायचाच हाय. आनी ऐक, आमच्या कॅप्टन साहेबांना मी बाबांचा सांगितला. कार्यक्रम झाला की जहाज पयल्या फेरीवर निघनार, त्याच्या आधी धक्क्यावर नारळ. साहेब बोलले, तुज्या बाबांनाच बोलाव. आये, बाबांना दे फोन. आज शेतात-बितात काय सांगू नको."

भागोजी समोरच बसला होता. गोदानं क्षणभर विचार केला आणि फोन त्याच्या कानाशी धरला.

"बाबा, आमच्या जहाजाचा गाऱ्हाना तुमी घालायचा. येनार ना?"

"व्हय म्हाराजा!" भागोजी म्हणाला.

पलीकडे दीपक असा हसला की फोन गोदाच्या हातात थरथरला. "बाबा एकदम फारमात हायत गो!" गोदानं फोन परत घेतला. आता सांगायची वेळ होती. एका वाक्याचं काम होतं. पण पोराचं ते हसणं कानात होतं आणि तिच्या मनानं घेतलं होतं, पालखीपुढे आवाज आला तसा जहाजापुढे येईल. नारळ हातात आला, समोर पोरगा उभा दिसला, की गेलेले शब्द जागचे उठतील. देवीला एवढंही जमू नये?

"येताव आमी," ती म्हणाली.

निघायच्या आदल्या दिवशी गंगाराम आला. "वैनी, मी येतंय संगती. आडला कुठं तर मी घालीन गाऱ्हाना. मना आता जमतो थोडाफार."

"पास दोनच आलेत, भावजी."

"पासाचा दीपक करील काय तरी."

"नको," गोदा म्हणाली. "त्यांचा मान हाय. पोरानं त्यांना बोलावलान." गंगाराम परत गेला. पास दोनच आले याचा गोदाला मनातून आनंद झाला होता.

रत्नागिरीच्या बंदरावर मांडव घातला होता. पांढरे अभ्रे घातलेल्या खुर्च्या, बँड, बूट वाजवत फिरणारे अधिकारी. फाटकावर एका जवानानं गोदाची पिशवी तपासली. नारळ, तांदूळ आणि झोलाईचा अंगारा निघाला. त्यानं नारळ कानाशी धरून हलवला, हसला आणि पिशवी परत दिली. भागोजीचा हात धरून गोदा आत आली आणि जहाज बघून जागच्या जागी थांबली. पांढरंशुभ्र, देवळाच्या शिखराएवढं उंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगीत पताका. नाव मोठं संस्कृतातलं होतं, ते तिला म्हणता येईना. त्याच्या पलीकडे किल्ल्याचा डोंगर आणि मग नुसतं पाणी. एवढं पाणी तिनं एका जागी कधी पाहिलं नव्हतं, आणि हे एवढं थोरलं जहाजही त्या पाण्यापुढे तिला लहान वाटलं.

"तो बगा दीपक," ती म्हणाली.

जहाजावर कठड्याच्या कडेनं पांढऱ्या कपड्यातल्या पोरांची रांग उभी होती. त्यात तो होता. छाती पुढे, हात अंगाला चिकटलेले, नजर समोर. आईबाप आल्याचं त्याला दिसलं असणार, कारण त्याच्या गालावर हसू फुटायला आलं आणि त्यानं ते गिळलं. भागोजीनं डावा हात वर केला. दीपकला हात हलवायची मुभा नव्हती.

भाषणं झाली. जहाज सेवेत घेतल्याचा हुकूम कॅप्टननी मोठ्यानं वाचला. झेंडा चढला, बँडवर राष्ट्रगीत झालं, सगळे उठून उभे राहिले. भागोजीला उठायला वेळ लागला, पण तो उठला आणि लटपटत्या पायांवर शेवटपर्यंत ताठ राहिला. उन्हानं मांडव तापला होता. गोदा अंगाऱ्याची पुडी मुठीत धरून देवीला एकच सांगत होती, आता तरी त्यांना बोलतं कर, एवढ्यापुरतं तरी बोलतं कर.

मग कॅप्टन स्वतः चालत त्यांच्यापाशी आले. तरुण होते, मुलूख कुठला तरी उत्तरेकडचा. वाकून त्यांनी भागोजीच्या पायाला हात लावला. "आइए बाबा. दीपक आपकी बहुत तारीफ करता है."

आता सांगायला हवं, गोदाला वाटलं. "साब," ती म्हणाली, "इनको..." पुढचं हिंदी तिला सुचेना. मराठीत तरी सुचलं असतं का, कोण जाणे.

"आप भी आइए, माताजी," कॅप्टन म्हणाले आणि भागोजीला हाताला धरून घेऊनही गेले.

धक्क्याच्या कडेला, जहाजाच्या अगदी नाकासमोर, पाट मांडला होता. त्यावर नारळ, हळद-कुंकू, उदबत्ती. ध्वनिक्षेपकावरून एक बाई गोड आवाजात सांगत होती, की आता कोकणच्या प्रथेप्रमाणे एका नाविकाचे वडील जहाजासाठी गाऱ्हाणं घालणार आहेत. माणसं खुर्च्यांवरून पुढे सरसावली. फोन वर झाले. कुणीतरी भागोजीच्या तोंडासमोर माईक धरला.

भागोजीनं डाव्या हातानं नारळ उचलला. उजवा हात वर येईना, म्हणून गोदानं तो उचलून नारळाखाली ठेवला. त्यानं डोळे मिटले. सगळं शांत झालं. खाली पाणी दगडांवर आपटत होतं तेवढंच.

त्याचे ओठ हलले. घशातून आवाज वर आला, तोंडात अडला. मानेच्या शिरा ताठ झाल्या. गोदाचे ओठही त्याच्याबरोबर हलत होते. तिला सगळं पाठ होतं, दाराबाहेर उभं राहून आयुष्यभर ऐकलेलं. बाये म्हणा, ती मनात ओरडत होती, नुसतं बाये म्हणा.

"व्हय म्हाराजा," भागोजी म्हणाला.

माईकमधून तो आवाज साऱ्या बंदरावर घुमला. पाहुण्यांमधल्या, गाऱ्हाण्याची ओळख असलेल्या कोकणी माणसांना वाटलं, सुरुवात झाली. त्यांनी हौसेनं साथ दिली, "व्हय म्हाराजा!" भागोजीनं डोळे उघडले, घाबरून इकडे तिकडे पाहिलं, पुन्हा मिटले. पुन्हा ओठांची ती झटापट. पुन्हा, "व्हय म्हाराजा." या वेळी साथ जरा कमी आली. मागे एक पोरगी खुदकन हसली, तिला कुणीतरी दटावलं. तिसऱ्यांदा त्यानं तेच म्हटलं तेव्हा त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर उतरलं. आपण काय म्हणतोय हे त्याला ऐकू येत होतं. काय म्हणायचंय हेही त्याला कळत होतं.

गोदानं वर पाहिलं. कठड्याजवळ दीपक तसाच उभा होता. हुकूम नसताना त्याला पाऊल हलवता येत नव्हतं, तोंड उघडता येत नव्हतं. पण तोंडावरचा रंग उतरला होता, आणि नजर समोर ठेवायची असूनही ती खाली बापावर आली होती. पोराला कळलं, गोदा समजली. आणि अशा ठिकाणी कळलं, की जिथे त्याला बापाला धरताही येत नाही.

"बहुत सुंदर, बाबा, बहुत सुंदर," कॅप्टन म्हणाले. त्यांना ही भाषा येत नव्हती. म्हाताऱ्याचे डोळे भरून आलेले पाहून त्यांचेही डोळे ओले झाले. त्यांनी भागोजीच्या हातातून नारळ हळूच घेतला आणि धक्क्याच्या दगडावर फोडला. टाळ्या वाजल्या. बाई ध्वनिक्षेपकावर म्हणाली की परंपरेनुसार गाऱ्हाणं संपन्न झालं आहे.

संपन्न झालं! एवढ्या गर्दीत कुणाकुणाला सांगणार, की अहो, अजून काहीच मागितलं नाही? नुसता होकार भरलाय, आणि कशाला भरलाय ते देवीलाही ठाऊक नाही. गोदा कॅप्टनच्या मागे दोन पावलं गेली. पण ते पाहुण्यांना निरोप द्यायला वळले होते आणि मध्ये माणसं आली.

रांग मोडल्यावर दीपक धावत खाली आला. जहाज सुटायला थोडाच अवकाश होता. तो बापासमोर उभा राहिला, त्याचा लुळा हात हातात घेतला, सोडला, पुन्हा घेतला.

"कवापासून?" त्यानं आईला विचारलं.

"मळनी झाली तवापासून."

"आनी मना शेताकडं गेलेत म्हनून सांगतेस? आये!"

"तू आला असतास धावत. हे गेला असता तुजा," तिनं जहाजाकडे मान केली. "मना वाटला, आज बोलतील. मना खरंच वाटला रे."

रागवावं तर वेळ नव्हता, रडावं तर अंगावर गणवेश होता. दीपकनं टोपी काढून बगलेत धरली आणि बापाच्या तोंडाजवळ तोंड नेलं. "बाबा, मी जातंय. सुट्टी भेटली की येतंय. बरा?"

भागोजीनं डाव्या हातानं त्याचा चेहरा चाचपला, कपाळ, गाल, हनुवटी. ओठ कितीतरी वेळ हलत राहिले. मग जे यायचं तेच आलं.

"व्हय म्हाराजा."

"व्हय बाबा," दीपक म्हणाला. वरून शिट्टी झाली. गोदानं घाईघाईनं अंगाऱ्याची पुडी सोडली, पण घामानं आणि मुठीत दाबून तिचा लगदा झाला होता. जेवढा बोटाला लागला तेवढा तिनं त्याच्या कपाळाला लावला आणि तो पळाला.

दोर सुटले. जहाज धक्क्यापासून आधी वीतभर, मग हातभर सरकलं, आणि बघता बघता मध्ये पाणी आलं. बँड वाजत होता. पाहुणे मांडवात चहाला गेले. धक्क्यावर ही दोघंच राहिली.

गोदाला राहवेना. बाईनं गाऱ्हाणं घालायची रीत नव्हती. तिनं आजवर कधी घातलं नव्हतं. पण मागितल्याशिवाय पोराला पाण्यावर कसं जाऊ द्यायचं? तिनं पदर डोक्यावर घेतला आणि हळू आवाजात सुरुवात केली. "बाये झोलाई, तुजी शीव आमच्या गावाला सरली. हितं किल्ल्यावर भगवती हाय, तिचे पाय धरून सांगतंय. माजा पोर पान्यावर गेला. वाऱ्यावादळात त्याला सांभाळ, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," शेजारून खणखणीत आवाज आला.

तिच्या अंगावर काटा आला. जमलं की! तिनं मागायचं आणि त्यानं होकार भरायचा. उलटी वाटणी, पण वाटणी तर आहे. तिचा आवाज चढला. "त्याच्या वाटेवर काय आडा आसल तर दूर कर, म्हाराजा." व्हय म्हाराजा. "त्याच्यासंगतीची पोरा हायत, कुनाकुनाची, त्यांनाबी राख, म्हाराजा." व्हय म्हाराजा. भागोजी आता ताठ उभा होता, डोळे मिटलेले, देवळात असल्यासारखा. जहाजानं किल्ल्याला वळसा घेतला. पांढरे कपडे आता वेगवेगळे दिसेनात. अर्धं जहाज डोंगराआड गेलं, मग मागच्या झेंड्याचं टोक तेवढं उरलं. गोदाचं मागणं बाजूला राहिलं आणि तिच्या तोंडून भलतंच निघून गेलं. हे तिनं देवीला म्हटलं नव्हतं. सुखदुःखाला नवऱ्याला विचारावं तसं नुसतं विचारलं होतं.

"आनी अवो, तो परत नाय आला तर?"

"व्हय म्हाराजा," भागोजी म्हणाला.

गोदानं झटकन त्याच्या तोंडावर हात दाबला. "नाय," ती म्हणाली, "नाय, नाय, ता नाय, ता मागे घ्या." त्यानं डोळे उघडले. ती कशानं घाबरली ते त्याला कळलं. ते त्याच्या डोळ्यांत तिला लख्ख दिसलं. त्यानं जोरजोरात मान हलवली, नाही, नाही, आणि ते तोंडानं सांगायची पराकाष्ठा करू लागला. गोदानं हात आणखी घट्ट दाबला. तळव्याखाली त्याचे ओठ पुन्हा पुन्हा हलत होते, आणि काय म्हणताहेत ते तिला ऐकल्याशिवायच कळत होतं.